मी धुऊन पाठवलेल्या बाया

बाई तपासणीला आली की तिला आधी मोरीत न्यायचं, ही माझी पद्धत. कोणी शिकवलेली नाही, कुठल्या कागदावर लिहिलेली नाही, मीच काढलेली. कोमट पाण्याचा तांब्या, त्यात तुरटीचा खडा दोनदा फिरवलेला, आणि एक जुनं धुवट फडकं. "जाय माय, आतबाहेर चांगलं धुई काढ, मंग मॅडमकडे जाय." वीसेक वर्षं मी हेच म्हणत आले. सरकारी दवाखान्यात बायांच्या बाजूला मी परिचर होते. झाडणं, पुसणं, अवजारं उकळणं, बायांना टेबलावर चढवणं, त्यांचा हात धरणं, आणि डोंगरातल्या बाईचं बोलणं डॉक्टरीणबाईंना आणि डॉक्टरीणबाईंचं तिला सांगणं, ही सगळी कामं माझी. नावाने मला कोणी हाक मारलीच नाही, सगळ्यांची मी मावशी.

ही पद्धत का काढली ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई येडी होती. माझं माहेर तापीकाठच्या प्रकाशा गावचं. तापीत अंग धुतल्याशिवाय देवळाची पायरी चढायची नाही, हे आम्हाला चालायला लागल्यापासून ठाऊक. शिवाय नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एक गोष्ट डोळ्यांनी बघितली. धडगावकडून एक बाई आली होती. जीपमध्ये चार तास कोंबलेली, लुगडं घामाने चिकटलेलं. ती टेबलावर चढली आणि तेव्हाच्या सिस्टरने नाकाला पदर लावला. तिने मुद्दाम केलं असं नाही, हात आपोआप गेला असेल. पण त्या बाईने ते बघितलं. ती टेबलावरून उतरली, चप्पल घातली आणि चालती झाली. परत आली नाही. दुसऱ्या दिवशी मी मोरीत बंब लावला. माझ्या बाजूला आलेल्या कुठल्याही बाईसमोर कोणाचा हात नाकाला जाणार नाही, असं मी ठरवलं, आणि गेला नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता!

आता काडीचं सांगते, कारण सगळं त्या काडीवरच आहे. मॅडम, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई, तिला स्वॅब म्हणायच्या. पुढे कापूस गुंडाळलेली बारीक काडी. बाईच्या अंगावरून पांढरं जात असेल, ओटीपोटात दुखत असेल, तर आतून त्या काडीवर जे येतं ते काचेच्या पट्टीवर पुसायचं. मग लॅबवाले भाऊ त्या पट्टीला रंग लावून दुर्बिणीखाली धरतात आणि कसला आजार आहे ते सांगतात. पुरुषाला आग होत असेल तर त्याचीही काडी घेतात, लघवीच्या वाटेतून. करोनाच्या आधी हे समजावताना माझ्या तोंडाला फेस यायचा. करोनानंतर सोपं झालं. बाया आपणच विचारायच्या, "नाकमा घालतस तीच काडी ना, मावशी?" मी म्हणायची, "काडी तीच, नाक ते नही." आणि मग आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो.

तर त्या मुलीचं.

थंडी सरत आली होती तेव्हा ती सासूबरोबर आली. वीस-एकवीसची असेल, हाडापेराने बारीक. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. ओटीपोट दुखायचं, अंगावरून जायचं. तीन ठिकाणच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या. महिनाभर बरं वाटायचं, पुन्हा तेच. नवरा सुरतेला बांधकामावर, सणावाराला घरी येणारा. सासू बाजारात चारोळी आणि डिंक विकायची, त्यामुळे तिला आमची अहिराणी घरच्यासारखी यायची. मुलगी डोंगरातलीच बोली बोलायची. ती मला निम्मी कळते, निम्मी चेहऱ्यावरून लावून घेते. इथे लिहिताना मी तिचं बोलणं आपल्या मराठीतच लिहिते.

सासू बाकावर बसल्या बसल्या मला म्हणाली, "मावशी, होळी व्हयनी का आमना पंच बठतीन. चार वरीस वाट दखी. त्याना पह्यले काय शे ते सांगी द्या. आजार निंघना ते इलाज करसूत. नही निंघना ते वांझ शे, जाऊ दे तिना बापना घर."

बाई काही वाईट नव्हती. खडूस होती, पण सुनेच्या पोटात दुखतं म्हणून डोंगर उतरून तीच आली होती, नवरा नव्हता आला. तिने सगळं सुनेच्या समोरच, भाजीचा भाव बोलावा तसं बोलून टाकलं. सून खाली बघत राहिली.

मोरीत मी तिच्या हाती तांब्या दिला तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, आजार निघू दे."

मी आयुष्यात किती बायांना आत नेलं असेल! सगळ्या म्हणतात, काही निघू नये. ही पहिली, जिला आजार हवा होता. आजार म्हणजे तिचं घर. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "आधी चांगली धुऊन घे बाई. मग बघू." तिने चांगलं धुतलं. तुरटीचं पाणी संपलं तर आणखी मागितलं. मी दिलं.

कागद आला, त्यावर काही सापडलं नाही असं लिहिलं होतं. मॅडमनी पोटदुखीच्या गोळ्या दिल्या, पुन्हा या म्हणून सांगितलं. सासूने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "लिखेल शे ना? नही शे म्हणीसन?" "नाही असं लिहिलंय," मी म्हटलं. तिने कागदाची बारीक घडी केली आणि ओच्यात खोचली. मुलगी तिच्या मागून चालत गेली. मला वाटलं होतं ती रडेल, पण रडली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

नंतर माझा गुडघा सुजला. नोकरीने दिलेला गुडघा, बादल्या उचलून उचलून. आठ दिवस घरी पडले, एवढी सलग रजा नोकरीत पहिल्यांदाच. कामावर परत गेले त्या दिवशी दुपारी लॅबवाल्या भाऊंनी मला खोलीत बोलावलं. भाऊ गावातल्या जुन्या मुसलमान घरातले, आजोबांपासून इथलेच. कमी बोलायचे, पण बोलले तर चिमटा काढून बोलायचे. त्या दिवशी चिमटा नव्हता.

"मावशी, राग मानू नका. बायांना मॅडमकडे पाठवायच्या आधी तुम्ही काय करता?"

मी काय करते ते मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तांब्या, तुरटी, फडकं, सगळं. नाकाला पदर लावणाऱ्या सिस्टरचंही सांगितलं.

भाऊंनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. "आठ दिवस तुम्ही नव्हता. त्या आठ दिवसांत बायांच्या बाजूने आलेल्या पट्ट्यांवर मला जे दिसायला हवं ते दिसलं. तुम्ही कामावर असलात की पट्ट्या कोऱ्या. मी विचार करत होतो, मावशी रजेवर गेल्या की सगळा तालुका आजारी कसा पडतो?"

मी हसले. मला वाटलं, थट्टा करतायत.

"थट्टा नाही, मावशी. मला जे दुर्बिणीखाली बघायचं असतं, तेच तुम्ही मोरीत सोडून देता. वर तुरटी. काडीवर यायला आत काही राहतच नाही. धुतलं म्हणून आजार जात नाही, तेवढ्यापुरता दिसत नाही."

तिथे एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर मी बसले. भाऊंनी पाणी दिलं. पंखा घरघर करत होता. माझ्या डोळ्यांसमोरून एकेक बाई जायला लागली. चेहरे आठवायचे, गावं आठवायची नाहीत. मी त्यांना धुऊन पाठवलं होतं. कोणाचं पोट दुखतच राहिलं असेल, कोणाला मूल झालं नसेल, कोणाला त्या कागदावरून घरच्यांनी खोटं पाडलं असेल की ही उगाच कुरकुरते, कागद बघा, काही नाही. हे सगळं माझ्या हातून झालं, तेही माया करून. आपण रागाने एखादं वाईट केलं तर त्याचा पश्चात्ताप करता येतो. मायेने केलेल्याचं काय करायचं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी फार दमले त्या दिवशी, आणि तो थकवा अजून उतरलेला नाही, खरं सांगते.

मॅडमना सांगितलं. मला वाटलं ओरडतील, मेमो देतील. त्या आठवड्यातून दोन दिवस नंदुरबारहून यायच्या, समोर साठ बाया उभ्या असायच्या. त्यांनी नुसतं कपाळ दाबलं. "मावशी, मला वाटायचं इकडच्या बायका किती स्वच्छ राहतात. मीही कधी विचारलं नाही." मग म्हणाल्या, "त्या डोंगरातल्या मुलीला परत बोलवा. आणि नवरा आला असेल तर त्यालाही. तिला एकटीला औषध देऊन उपयोग नाही. तो आला की पुन्हा होतं, म्हणून तर तीनदा झालं."

होळीला बारा दिवस होते. मी त्या पाड्याच्या आशाताईला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, म्हातारी नही पाठवस. कागद दखाडस सगळासले. पंचले निरोप बी गया."

मग मीच गेले. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, तळोद्याला जीप बदलून, गुडघ्याला पट्टा बांधून. शेवटचा चढ पायी. दोनदा बसले वाटेत. मोहाची फुलं पडायला लागली होती आणि सासू-सून दोघी झाडाखाली वाकून वेचत होत्या. मला बघून सासूने कंबर सरळ केली.

"मावशी? तू आठे कशी?"

"तुन्हा कागद खोटा शे, माय."

"सरकारी कागद खोटा?"

"कागद खरा. त्यानावर लिखेल शे ते खोटं. मी तिले धुवाले लावं, म्हणीसन काही निंघनं नही. मन्ही चूक शे."

म्हातारी टोपली खाली ठेवून हसायला लागली. "सरकारी माणूस डोंगर चढीसन चूक सांगाले येस? हाई ते आज पह्यल्यांदा दखं मी." मला वाटलं आता हाकलून देईल. पण तिने मला झाडाखाली बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, "बरं. दुसरी डाव काडी घाला. पन होळीनंतर मी कोणंच ऐकावू नही."

"पोरगाले बी आणजो."

"त्याले काय व्हयनं? वाघ शे मन्हा पोरगा."

"मूल नही व्हत तवय दोन्हीसनी तपासणी करतस. वाघ व्हवो नही ते मांजर." हे मी खोटं बोलले नाही, फक्त अर्धं बोलले. मुलगा दोन दिवसांनी सणाला येणार होता. ती तयार झाली.

खरी अडचण मुलीची होती. आम्ही दोघीच झोपडीमागे गेलो तेव्हा मी तिला सांगितलं, तपासणीच्या आधीचे दोन दिवस आत पाणी घालायचं नाही, तुरटी नाही, कडुलिंबाचा पाला नाही. वरून अंघोळ कर, आत काही नको. ती मागे सरकली. "मावशी, वास येतो. जीपमध्ये चौदा माणसं असतात. मी कशी बसू?"

नाकाला पदर मी बघितला होता. तिचं काही चुकत नव्हतं. मी म्हटलं, "मी येते न्यायला. तळोद्यापासून तू खिडकीशी बस, मी तुझ्या अंगाला लागून बसते. कोणी नाक मुरडलं तर माझं नाव सांग, म्हण मावशीने दोन दिवस अंघोळ केलेली नाही." ती पहिल्यांदा हसली. दात पुढे होते जरासे, छान दिसायची हसताना.

आणि बसलेही मी तशीच. तळोद्यापासून दवाखान्यापर्यंत तिची मांडी माझ्या मांडीला. पलीकडे सासू, मागे लटकून नवरा. नव्या जीनची पँट, कानात वायर, मोबाईलवर गाणं. दिसायला देखणा, तोंडाने गोड. मला म्हणाला, "मावशी, मला काय करायचंय तिथं? तिचंच तर आहे." मी म्हटलं, "चल तर खरं."

जीप दवाखान्याच्या फाटकाशी थांबली आणि उतरल्या उतरल्या तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नवल नाही. डोंगरातून उतरलेला प्रत्येक पुरुष त्याच भिंतीपाशी उभा राहतो, त्या भिंतीचा रंग तेवढ्या पट्ट्यात कधी टिकला नाही. मी आत जाऊन भाऊंना सांगितलं, दोघं आलेत.

"तो लघवीला जाऊन आला का?"

"आत्ताच. भिंतीवर."

भाऊंनी डोकं धरलं. "मग दोन तास बसवा. धारेबरोबर सगळं जातं, मावशी. जे बायांचं मोरीत, ते ह्यांचं भिंतीवर. आणि सोडू नका. मध्ये एकदा गेला की पुन्हा दोन तास."

मुलीचं दहा मिनिटांत झालं. मी हात धरला, तिने माझी बोटं आवळली. मॅडमनी तोंड वाकडं केलं नाही. आताच्या सिस्टरने खिडकी उघडली, तेवढंच. काडी काचपट्टीवर पुसली तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं की त्यावर काय असतं. पिवळसर, दाट. इतकी वर्षं मी ते बघितलंच नव्हतं.

मग मी त्या पोराशेजारी बाकावर राखण करत बसले. असं काम नोकरीत कोणी दिलं नव्हतं.

"मावशी, जरा जाऊन येतो."

"बस."

"चहा पिऊन येतो मग."

"चहाने आणखी लागेल. बस."

"मी काय बोकड शे का, दावाले बांधी ठेवाले?"

"बोकड बी इतला बोंबलत नही."

समोरच्या बाकावर खोकणारा एक म्हातारा होता, तो म्हणाला, "भाऊ, मन्हा नंबर लागी जाऊ दे, मंग आपन दोन्ही जाऊत भिंतकडे." सगळा व्हरांडा हसला. पोरगा लाल झाला. त्याने पाय एकावर एक घातले, उलटे घातले, उठला, बसला. त्याची आई लांब पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, तिला काही कळत नव्हतं. तिने पोराला लागलेली घाई बघून मला विचारलं, "जाऊ दे ना त्याले, कसाले धरी ठेवस?" मी म्हटलं, "मॅडमचा हुकूम."

तासाभराने त्याने कानातली वायर काढली. आवाज खाली आणून विचारलं, "ती काडी... किती आत?"

"बोटाच्या पेराएवढी. दोन श्वास घ्यायचे. तुझ्या बायकोने हूं केलं नाही."

तो बाकाचा रंग नखाने खरवडायला लागला. मग बोलायला लागला, माझ्याकडे न बघता. सुरतेला एका खोलीत बाराजण राहतात. जळजळ होते, चड्डीला डाग पडतो. मेडिकलवाला गोळी देतो, दोन दिवस बरं वाटतं. तिथे सगळ्यांनाच असतं असं म्हणाला, सर्दी असावी तसं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यापासून येतं आणि जातं. आमची म्हातारी माणसं ह्याला परमा म्हणत आणि त्याचं नाव घेताना थुंकत.

"बायकोला सांगितलंस?"

"तिला काय सांगायचं? तिला थोडंच झालंय?"

"मग ती माझा हात धरून आत कशाला गेली होती?"

त्याने खरवडणं थांबवलं. बावीस-तेवीसचा पोरगा. मला त्याचा राग यायला हवा होता. आलाही. पण इतका दमलेला राग होता माझा, की नुसता उसासाच आला. त्याला खरंच कळलं नव्हतं. आपलं दुखणं आपल्यापाशीच राहतं असं त्याला वाटत होतं, दाढदुखीसारखं.

दोन तास भरले, भाऊ त्याला घेऊन गेले. बाहेर आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि सरळ भिंतीकडे पळाला. ह्या वेळी कोणी अडवलं नाही.

तासाभरात भाऊंनी दोन्ही पट्ट्या बघितल्या. दोन्हींवर तेच. मॅडमनी दोघांना वेगवेगळं आत घेतलं, वेगवेगळं समजावलं. मुलीशी बोलताना मधे मी होते. "आजार सापडला. बरा होतो. बरा झाल्यावर मूल राहू शकतं, पण राहीलच असं मी सांगू शकत नाही, फार दिवस झालेत," असं मॅडम म्हणाल्या. मी तसंच सांगितलं, गोड करून नाही. एकदा गोड करून मी फार नुकसान केलं होतं. मुलीने फक्त पहिलं वाक्य पुन्हा विचारलं. "सापडला?" "सापडला." तिने डोळे मिटले आणि भिंतीला डोकं टेकलं.

नियम असा की एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. आईला नाही, सासूला नाही, कोणालाच नाही. आम्ही कोणी एक शब्द बोललो नाही. पण औषध समोर गिळून घ्यायचं असतं. सिस्टर व्हरांड्यात पाण्याच्या माठापाशी आली आणि तिने दोन पाकिटं काढली. प्रत्येक आजाराच्या पाकिटाचा रंग वेगळा असतो, ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून. तिने एक राखाडी पाकीट मुलीच्या हातात दिलं आणि एक राखाडी पाकीट मुलाच्या.

म्हातारी बाकावरून उठली. जवळ आली. एकदा ह्या हाताकडे बघितलं, एकदा त्या.

"मावशी, ही दोन्ही पाकिटं एकच शेतस ना?"

"मॅडमले इचार, माय."

"मॅडमले कसाले? माले डोया शेतस."

मुलगी गोळ्या गिळत होती. मुलगा पाणीच पीत राहिला, पेला खाली ठेवेना.

"पह्यले कोणले व्हयनं?" तिने पोराला विचारलं. आवाज मोठा नव्हता. "बोल ना. घरमा ऱ्हाणारी बाईले हाई कोठून येस?"

"इथे नको, आई."

"आठे नको ते कोठे? पंचसमोर?"

त्याने पेला पुन्हा तोंडाला लावला. तिने खोचलेला कागद ओच्यातून काढला, माझ्या हातात दिला. मी तो घेतला. मग ती पिशवीची गाठ सोडायला लागली, पुन्हा बांधायला लागली, उगाच. शेवटी म्हणाली, "पंचले सांगी देसू, तिना इलाज चालू शे. बठानं काम नही."

तिना इलाज. तिचा. पोराचं नाव तिने घेतलं नाही आणि घेणारही नव्हती. पंचांना, पाड्याला, भावकीला कळणार ते एवढंच, की सुनेला आजार होता. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. मी मुलीकडे बघितलं. तिला एवढी अहिराणी कळत होती. तिने मान वर केली नाही, पण मला बोटानेच खूण केली, राहू दे. मी गिळले शब्द. तिला घर हवं होतं. ते मिळत होतं, हे असं. एकदा मी तिच्या बाबतीत स्वतःच्या मनाने केलं होतं, पुन्हा करायची हिंमत नव्हती.

सात दिवस एकमेकांजवळ जायचं नाही, दोन आठवड्यांनी दोघांनी परत यायचं, असं मॅडमनी सांगितलं होतं. जीप भरेपर्यंत मी त्यांच्याबरोबर उभी राहिले. म्हातारीने सुनेला आत खिडकीशी बसवलं आणि पोराला म्हणाली, "तू वर बैस, टपवर." तो मुकाट्याने चढला. एवढीच काय ती शिक्षा त्याला झाली.

मुलगी खिडकीतून माझ्याकडे वाकली. "मावशी, होळी झाली की तो सुरतेला जाईल. दिवाळीला परत येईल. तेव्हा?"

"आला की आधी इथे घेऊन ये. मग घरी."

"येईल तो?"

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तिची सासू पुढे बघत होती, जणू काही ऐकलंच नाही. मी हात हलवला.

दोन आठवड्यांनी त्या दोघीच आल्या. पोरगा धुळवडीच्या दुसऱ्याच दिवशी गेला होता. होळीला पंच बसले नाहीत, असं आशाताईने फोनवर सांगितलं. मुलगी त्याच घरात आहे. त्याच वर्षी मी निवृत्त झाले. पुढचं मला माहीत नाही.